उभ्या बाटलीची बाई

"पाचच्या आत गाडी वेशीत दिसली नाही पाहिजे," आमचे मालक चुळा भरता भरता म्हणाले. "ध्यानात ठेव."

मी पुऱ्या तळत होते. उजाडायच्या आधीपासून तळत होते. तेलाच्या धगीनं डोळे चुरचुरत होते आणि टोपलीमागून टोपली भरत होती.

"आन् बायांनी विचारलं तर?"

"तीनला परत येऊ म्हणायचं. मग निवांत मत द्या म्हणायचं. येताना लक्ष्या गाडी बंद पाडील, त्याला सांगून ठेवलंय. तू फक्त हसतमुखानं वाढायचं. घरची बाई बरोबर आहे म्हटल्यावर कोण कशाला शंका घेतंय?"

हसतमुखानं! माझ्या हसण्याचा काही उपयोग होऊ शकतो, हे या माणसाला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर सुचलं होतं.

बोरखळगीत वेशीजवळ आमचं देशी दारूचं दुकान होतं. परवान्याचं, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. त्या वर्षी गावातल्या बायका त्या दुकानाविरुद्ध उठल्या. कारण असं झालं, की बारावीची परीक्षा संपली त्या दिवशी पोरं मळ्यात पार्टी करायला गेली, पोट फुटेस्तोवर प्याली, आणि त्यातला सुदर्शन नावाचा पोरगा विहिरीत पडून मेला. त्याचा दहावा झाला आणि बचत गटाची सुगंधा पदर खोचून निघाली. घरोघर जाऊन सह्या घेतल्या, तहसीलला खेटे घातले, साहेबांच्या दारात बायका बसवल्या, आणि शेवटी मतदान लागलं. फक्त बायकांचं, संध्याकाळी पाचपर्यंत. कागदावर दोन चित्रं असणार होती. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. पण यात एक मेख होती. गावात जेवढ्या बायकांची नावं यादीत आहेत त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद व्हायचं. म्हणजे जी आलीच नाही, ती न येताच दुकानाच्या बाजूला जाऊन बसायची. सुगंधा रिक्षाला भोंगा लावून दिवसभर तेच ओरडत फिरायची, "बायांनो, घरी बसलेली बाई उभ्या बाटलीची!"

आमच्या मालकांनी ते नीट ऐकलं आणि मतदानाच्या दिवशी यमाईच्या डोंगराची फुकट सहल काढली. येणं-जाणं, ओटीचं सामान, जेवण, सगळं आमच्यातर्फे. डोक्यानं तल्लख माणूस. त्याला दुसरं दुकान मिळालं असतं तर गावानं हारतुरे घातले असते.

माझं म्हणाल तर मी मुळात बडबडी. माहेरी मला रेडिओ म्हणायचे. पण ऐकणारं कोणी नसलं की रेडिओ तरी किती वाजणार? बोरखळगीत मी दारूवाल्याची बाई. गिरणीत गेले की बोलणं थांबायचं. नळावर गेले की घागरी भराभर उचलल्या जायच्या. कोणी वाईट बोलायचं नाही हो, भांडलं असतं तर बरं वाटलं असतं. संक्रांतीला सगळ्या आळीत बायका हळदीकुंकवाला फिरायच्या आणि आमच्या ओट्यापाशी आल्या की पलीकडच्या बाजूनं जायच्या. मी मात्र दरवर्षी वाण आणून ठेवायची. कोणी सांगावं, एखादी येईलसुद्धा. एका वर्षी चहाच्या गाळण्या आणल्या होत्या, लाल दांड्याच्या. त्या तशाच फडताळात पडल्या होत्या.

मूलबाळ झालं नाही. घरात माझ्याशी बोलणारं माणूस एकच, माझा दीर दिगंबर. मी त्या घरात आले तेव्हा तो नाक वाहणारा, चड्डी सावरत फिरणारा पोरगा होता. सासू लवकर गेल्या आणि हे गाठोडं माझ्या पदरात पडलं. मी गोधड्या शिवायची आणि दिग्या मला सुया ओवून द्यायचा. त्याची मजुरी ठरलेली, सुईमागे एक गुळाचा खडा. नववी-दहावीत गेला तरी शाळेतून आला की आधी हाक मारायचा, "वहिनी, सुया काढ, भूक लागली!"

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात मी त्याला सहज सुई दिली. एकोणीस वर्षांचा गडी, मिसरूड फुटलेलं. दोरा सुईपाशी न्यायचा आणि तो बाजूनं जायचा. पुन्हा न्यायचा, पुन्हा जायचा. तोंडाला वास येत होता, आणि ती सकाळची वेळ होती. शेवटी हसला आणि म्हणाला, "वहिनी, सुईच हलतीय गं."

मी त्याच्या हातातून सुई काढून घेतली. गुळाचा खडा तेवढा दिला. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "वय आहे त्याचं. लग्न झालं की येईल ठिकाणावर." घरात माल, मागच्या खोलीत खोकी, दिग्याच्या खाटेखाली खोकी. कसला येतोय ठिकाणावर.

तर अशी मी त्या दिवशी गाडीत बसले, हसतमुखानं.

गाडी खच्चून भरली होती. काहींना नवऱ्यांनी पाठवलं होतं, काहींना यमाईचं दर्शन फुकटात होणार होतं, आणि बऱ्याच जणींना खरंच वाटत होतं की तीनला येऊ आणि मत देऊ. बसल्या त्या सगळ्या मुक्या. माझ्या शेजारची जागा तेवढी रिकामी. मग घाईघाईनं पायरी चढून एक म्हातारी आली आणि धपकन माझ्या शेजारी बसली. हौसामावशी. सुदर्शनची आजी.

ही बाई आमच्या गाडीत?

"सरक जरा, शशिकले," ती म्हणाली. "किती गं पसरलीस, खातेस तरी काय?"

पुढच्या बाकावरच्या बायका फिस्सकन हसल्या. मीही हसले, खरं हसले. माझ्या नावानं मला कोणी हाक मारून किती काळ लोटला होता, माझं मलाच आठवेना.

आणि मग काय झालं कोणास ठाऊक, गाडीत वारं शिरावं तसं झालं. रखमा म्हणून एक होती, जाडजूड, आवाजाची खणखणीत. तिनं गाणं धरलं. बाकीच्यांनी टाळ्या धरल्या. कोणी कोणाच्या नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल केली. मला एकीनं विचारलं, "काय गं, तुझा मालक घोरतो का?" मी म्हटलं, "घोरतो? अगं, गिरणी बंद असली तर लोक दळण घेऊन आमच्याकडं येतील!" गाडी नुसती फुटली हसण्यानं. रखमानं मागून माझ्या पाठीत धपाटा घातला. "आगं बया, ही तर बोलती की!"

बोलते की! मी काय मुकी होते?

मी पिशवीतनं गाळण्या काढल्या. येताना का कोण जाणे, उचलून आणल्या होत्या. "संक्रांतीचं राहिलेलं वाण समजा," म्हणून एकेकीच्या हातात दिल्या. वाटलं, कोणी नको म्हणेल. कोणी म्हटलं नाही. कोणी ती डोळ्याला लावून माझ्याकडे बघत होती, कोणी शेजारणीच्या डोक्यावर टोपीसारखी ठेवत होती. मी गाडीच्या मधल्या वाटेत उभी होते, दोन्ही हातांनी दांडा धरून, आणि मला रडायला येत होतं. देवीची शपथ, सगळ्या आयुष्यातली माझी चांगली सकाळ कोणती म्हणून विचाराल तर ती.

डोंगराच्या पायऱ्या चढताना हौसामावशीनं माझा दंड धरला. तिच्या दुसऱ्या हातात खण-नारळाची पिशवी होती. आम्ही दिलेली नव्हे, तिची स्वतःची.

"आमची ओटी होती की, मावशी," मी म्हटलं.

"ही नवसाची हाये. नवसाची ओटी दुसऱ्याच्या पैशाची चालत न्हाई." दोन पायऱ्या चढून ती दम खायला थांबली. "सुदर्शन बारावीला पास होऊ दे, म्हणून बोलले होते यमाईला. गणितात कच्चा होता ना."

"पण मावशी, आता..."

"आता काय? पास झाला की. तो गेल्यावर निकाल लागला, त्याला देवी काय करणार? तिनं तिचं काम केलं. मला माझं करायला नको?" तिनं नाक पुसलं. "घरात कोणी आणायला तयार न्हाई. ल्योक म्हणतो, आता कशाला. तुमची गाडी निघाली म्हणून कळलं, तर मनात म्हटलं, असू दे दारूवाल्याची, रस्ता तर यमाईचाच हाये." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वेळंवर पोचू ना गं? तुला राग येईल, पण तोंडावर सांगते. मला त्या बाटलीला आडवं करायचंय. माझ्या हातानं."

मी मान तेवढी हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, मलाच ठाऊक नाही.

त्या मळ्यातल्या पार्टीला बाटल्या आमच्या घरातून गेल्या होत्या. दिग्याच्या खाटेखालच्या खोक्यातून. दिग्यानंच नेल्या होत्या, दोस्तांवर छाप पाडायला. विहिरीतून प्रेत काढलं त्या संध्याकाळी तो माझ्या मांडीत डोकं घालून ओक्साबोक्शी रडला होता आणि सगळं बोलून गेला होता. त्यानंतर तो जे प्यायला लागला ते थांबलाच नाही. ही गोष्ट आम्हा दोघांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हती. आणि आता त्या पोराची आजी माझा दंड धरून पायऱ्या चढत होती.

दर्शन झालं. मावशीनं ओटी भरली, बराच वेळ उभी राहिली, पुजाऱ्यानं "चला आजी" म्हटल्यावर बाजूला झाली. बाहेर येऊन बायका एकमेकींना कुंकू लावायला लागल्या, तशी रीतच आहे. मी जरा लांब उभी राहिले, सवयीनं. मावशी आली. करंडा उघडला आणि माझ्या कपाळाला बोट टेकवलं. "अखंड सौभाग्यवती," असं पुटपुटली. मग रखमानं लावलं. मग तिसरीनं. माझं कपाळ नुसतं भरून गेलं.

खाली वडाखाली पंगत बसली. मी वाढायला घेतलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, शिरा. ऊन डोक्यावरून ढळलं होतं. लक्ष्या ड्रायव्हर गाडीच्या सावलीत तोंडावर रुमाल टाकून पडला होता, अगदी सांगितल्याप्रमाणे. मी मनाशी म्हणत होते, गप बस शशे. तुला काय करायचंय? तू कोणाला बोलावलं नाहीस. संध्याकाळी गाडी उशिरा पोचली तर दोष गाडीचा. उद्या गिरणीत गेलीस तर या बोलतील तुझ्याशी. रखमा हाक मारील. संक्रांतीला येतीलसुद्धा. आणि दिग्या? दिग्याच्या खाटेखाली खोकी येत राहतील.

"शशिकले, किती वाजलं असतील गं?" मावशीनं विचारलं. तिनं पुरी हातात धरली होती, खात नव्हती.

मी शिऱ्याचं पातेलं खाली ठेवलं.

"गाडी पाचच्या आत गावात जाणार नाही," मी म्हटलं. "ती वाटेत बंद पडणारे. ठरवून. तुम्हाला मतदानापासून लांब ठेवायला ही सहल काढलीय. अजून वेळ आहे. दुसऱ्या कशानं निघालात तर पोचाल."

एकेकीनं पान पुढं सारलं.

मग रखमा उठली. हातातली पत्रावळ तिनं भिरकावली. "आन् तुला हे सकाळपासनं ठावं होतं?"

"हो."

"गाडीत गाणी म्हणत व्हतो आम्ही, तवा ठावं होतं?"

"हो."

"आन् तू आम्हाला गाळण्या वाटल्यास!"

मला आरडाओरडा झालेला चालला असता. पण रखमाच्या आवाजात राग कमी होता आणि दुखलेलंच जास्त होतं. ते मला सोसलं नाही. मी लक्ष्याकडे धावले, त्याच्या तोंडावरचा रुमाल ओढला. "गाडी काढ."

"मालकांचा फोन आल्याशिवाय काढता येणार न्हाई, वहिनीसाहेब," तो डोळे चोळत म्हणाला. "मला प्वाटापाण्याचं बघायचंय." आणि त्यानं खिशातून मोबाइल काढला, मालकांना लावायला.

बायका थांबल्याच नाहीत. त्या सगळ्या रस्त्यावर पोचल्या होत्या. बाजारात कांदा टाकून एक रिकामी पिकअप परत चालली होती. रखमा हात पसरून रस्त्याच्या मध्ये उभी राहिली. पिकअपवाला आधी शिव्या देत उतरला, मग ऐकून घेतलं, आणि "बसा बसा" म्हणाला. हौसामावशीला त्यानं पुढे आपल्या शेजारी बसवलं. बाकीच्या मागे चढल्या, एकमेकींना ओढून घेत, लुगडी सावरत.

मी शेवटी पोचले. मागचं फळकूट धरलं आणि पाय वर टाकायला गेले. माझंही नाव यादीत होतं. मलाही शिक्का मारायचा होता.

"जागा न्हाई," रखमा म्हणाली.

जागा होती. तिच्या पायाशी दोघी बसतील एवढी फळी मला दिसत होती. मी आणखी कोणाकडे बघितलं तर सगळ्या रस्त्याकडे बघत होत्या. मी फळकुटावरचा हात काढला. पिकअप धूळ उडवत गेली.

मालकांनी फोनवर लक्ष्याला काय काय सुनावलं ते मला लांबून ऐकू आलं. त्यानं गाडी काढली ती ऊन पार कलल्यावर. एवढ्या मोठ्या गाडीत मी एकटी. पुऱ्यांच्या टोपल्या, शिऱ्याचं पातेलं, आणि मी. बाकांवर लाल दांड्याच्या गाळण्या पडल्या होत्या, उतरताना जिच्या तिच्या जागी राहिलेल्या. मी एकेक गोळा करत गेले. हौसामावशीच्या जागेवर मात्र नव्हती. खाली घरंगळली असेल म्हणून मी वाकून बाकाखालीही बघितलं. तिथंही नव्हती.

गावात शिरलो तेव्हा पाच वाजून गेले होते. मी घरी गेले नाही. शाळेकडे गेले, मतदान तिथंच होतं. फाटकावर हवालदार होता. "वेळ संपली, बाई. आत मोजणी चालू हाये."

मी तिथेच उभी राहिले. सगळं गाव होतं. पिकअपवाल्या बायका वेळेवर पोचल्या होत्या, बोटांवर शाई दिसत होती. मी ज्या ठिकाणी उभी होते तिथून माणसं हळूहळू बाजूला सरकली. कोणी ढकललं नाही, कोणी बोललं नाही. माझ्याभोवती नुसती जमीन राहिली.

मग आतून सुगंधा धावत आली, पदर सुटलेला, आणि ओरडली, "आडवी! आडवी पडली गं बायांनो!"

काय तो कल्लोळ! हलगी वाजायला लागली, गुलाल उधळला. म्हाताऱ्या नाचल्या. हौसामावशी नाचली नाही, ती शाळेच्या पायरीवर बसून पदरात तोंड घालून रडत होती. बायकांनी पिकअपवाल्याला गुलाल फासला, तहसीलच्या साहेबांना लावला, हवालदाराच्या तर मिशा लाल करून टाकल्या. माझ्याभोवतीची जमीन तेवढी कोरडी राहिली. माझ्या कपाळावर सकाळचं कुंकू होतं. माझं मत पडलं नव्हतं. हिशेबानं बघाल तर मी उभ्या बाटलीचीच.

घरी मालक अंगणात बसले होते. रागावले नव्हते, तेच भयंकर होतं.

"लक्ष्या म्हणतो ते खरं का?"

"खरं."

"का केलंस?"

"दिग्यासाठी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, एखादं परकं माणूस दारात यावं तसं. "दिग्या माझा भाऊ आहे. तुझा कोण?"

दिग्या दारातच उभा होता. चौकटीला धरून, झोकांड्या सावरत. मी त्याच्याकडे बघितलं, म्हटलं हा तरी बोलेल. तो बोलला.

"माझं नाव नको घेऊस, वहिनी. आमचं घर बुडवलंस तू. माझं नाव नको घेऊस."

दुकान बंद झालं. मालकांचे भोसरीचे मामा आले आणि दिग्याला घेऊन गेले. आधी कुठल्याशा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, तिथून पळाला, पुन्हा ठेवला. हे सगळं मला बाहेरून कळायचं. मग मामांनी त्याला एका वर्कशॉपात लेथ मशीनवर लावला. मालकांनी टेम्पो घेतला, तो चालला नाही, मग दुसऱ्याच्या टेम्पोवर गेले. माझ्या हातचं खाल्लं त्यांनी, पण ताटाकडे बघून. काही वर्षांनी एके दिवशी छातीत दुखतंय म्हणाले आणि गेले. सरणापाशी दिग्या माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादाला तू मारलंस." ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

गाव सुधारलं मात्र. आमच्या दुकानासमोरच्या पडक्या जागेत पोरांनी कबड्डीचं मैदान केलं. चोरून दारू येऊ नये म्हणून बायकांनी वेशीत पाळ्या लावल्या, दिवेलागणीला शिट्ट्या वाजवत माझ्या दारावरून जायच्या. शिट्टी ऐकली की मी चुलीपुढून उठून दारात यायची. कोणाला पाळी कधी ते सुगंधा ठरवायची. माझी पाळी कधी आली नाही. काही जणी म्हणायच्या, ती देवीला घाबरली म्हणून बोलली. काही म्हणायच्या, मुद्दाम उशिरा बोलली, पोचू नये म्हणून. हौसामावशी काय म्हणायची कोण जाणे. ती त्याच पावसाळ्यात गेली, आणि मी तिच्या घरी जायला निघून आळीच्या कोपऱ्यावरून परत आले.

मी गोधड्या शिवते. त्यावर माझं एकटीचं भागतं. मालकांच्या श्राद्धाला दिग्या दरवर्षी येतो. चारचाकी घेऊन, बायको आणि पोरगी घेऊन. बायको चांगली आहे, "कशा आहात" म्हणून विचारते, पोरगी मला मोठी आई म्हणते. तो ब्राह्मणाशी बोलतो, शेजाऱ्यांशी बोलतो, जेवतो, निघतो. माझ्याकडे बघत नाही. मी वाढते, तो पानाकडे बघून "पुरे" असा हात करतो.

यंदा जेवणं झाली. त्याची बायको आवरत होती, पोरगी अंगणात खेळत होती. मी ओसरीवर गोधडी घेऊन बसले होते, कारण दुसरं काय करायचं? डोळे आता गेलेत माझे. दोरा सुईच्या पलीकडून जायचा, पुन्हा अलीकडून जायचा. मी चष्मा पुसला, पुन्हा केलं. जमेना.

माझ्यावर सावली पडली. दिग्या समोर उकिडवा बसला. त्यानं माझ्या हातातून सुई घेतली, दोरा तोंडात ओला केला, सुई उजेडाला धरली, आणि एका दमात ओवली.

हात हलला नाही. मी सुईकडे बघतच नव्हते, त्याच्या बोटांकडे बघत होते. लेथवरची, काळवंडलेली, भक्कम बोटं. जागच्या जागी.

त्यानं सुई मला दिली. तो उठेल म्हणून मी घाईनं डबा उघडला आणि दुसरी सुई पुढे केली. ती ओवली. मी तिसरी दिली. मग डब्यात होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या सुया त्याच्यापुढे पसरल्या, गंजलेल्यासुद्धा, ज्या मी पुन्हा कधी वापरणार नव्हते त्यासुद्धा. तो एकेक उचलत होता. फाटकाबाहेरून बायकोनं त्याला हाक मारली, "अहो, निघायचं ना?" तो उठला नाही. माझ्याकडे बघितलं नाही, बोलला नाही. शेवटची सुई होईपर्यंत बसून राहिला.

मग पँट झटकून उभा राहिला. माझ्या शेजारी, खोकला येतो म्हणून ठेवलेली गुळाची वाटी होती. त्यानं वाकून त्यातला एक खडा उचलला, तोंडात टाकला, आणि गाडीकडे गेला.